ब्रेक डाव्या हातात नाहीये गं!

"ताई, मी २४ वर्षांची, मूळची कोल्हापूरची, नोकरी हिंजवडीत, राहते वाकडला. आठ वर्षं ॲक्टिव्हा चालवतेय (पहिली दोन लायसन्स नसताना, हे छापू नका). स्पोर्ट बाईक घ्यायची म्हणून २ लाख ४० हजार साठवलेत. ऑफिसमधला एक जण त्याची दोन वर्षं वापरलेली केटीएमची आरसी ३९० दोन लाखाला देतोय, म्हणतो डायरेक्ट मोठीच घे, १५५ सीसी घेतलीस तर सहा महिन्यांत बोअर होशील. मला खरंतर यामाहाची १५५ सीसीची आर वन फाईव्ह आवडते पण शोरूममध्ये बसून बघितलं तर दोन्ही पाय चवड्यांवर, माझी उंची ५ फूट २. गिअरची गाडी म्हणजे बाबांची स्प्लेंडर अंगणात दोनदा फिरवलीय. दिवाळीला नवी गाडी घेऊनच घरी जायचं मनात आहे. आईला अजून सांगितलं नाही. काय करू? आणि काळी घेऊ की निळी?"

अगं, छापू नका म्हणालीस तेच पहिलं छापलं, सॉरी, पण सुरुवात लायसन्सपासूनच करायची आहे म्हणून. आत्ता उठून पर्स काढ आणि लायसन्सवर बघ, एमसीडब्ल्यूजी लिहिलंय की एमसीडब्ल्यूओजी. त्या एका 'ओ'मध्ये सगळं आलं, तो असला तर तुझं लायसन्स बिनगिअरच्या गाडीचं आहे आणि आर वन फाईव्ह काय, बाबांची स्प्लेंडरसुद्धा तू रस्त्यावर काढू शकत नाहीस. ॲक्टिव्हावर टेस्ट दिलेल्या निम्म्या मुलींना हे माहीतच नसतं, आणि कळतं कधी तर इन्शुरन्सवाला क्लेम नाकारतो तेव्हा. सारथी पोर्टलवर जाऊन गिअरचा क्लास ॲड करायचा अर्ज कर, त्याचं लर्निंग निघेल, मग ३० दिवस थांबून टेस्ट. म्हणजे गाडी कुठलीही घेतलीस तरी एक महिना हातात आहेच. ह्या महिन्याला वैतागू नकोस, माझ्या मते अख्ख्या प्रकरणात सगळ्यात कामाचा हाच महिना आहे, का ते सांगते.

तुझ्या पत्रात ३९० आहे, उंची आहे, आई आहे, रंग आहे. मला भीती ज्याची वाटली ते त्यात नाहीच. ते म्हणजे तुझा डावा हात.

बघ ना, आठ वर्षं तू ब्रेक कुठे मारतेस? हातात. आणि त्यातही जास्त डाव्या, कारण ॲक्टिव्हाला कॉम्बी ब्रेक असतो, डावा दाबला की मागचा लागतोच शिवाय पुढचाही थोडा लागतो, गाडी छान सरळ थांबते, त्यामुळे उजव्याकडे बघायची गरजच पडत नाही. आता बाईकवर डाव्या हातात काय आहे? क्लच. मागचा ब्रेक गेला उजव्या पायाखाली, जिथे तुझ्या पायाने आयुष्यात काही काम केलेलं नाही. एरवी शांतपणे चालवताना तुला हे सगळं आठवेल, पाठ होईल, दोन दिवसांत वाटेल जमलं. पण वाकडच्या चौकात कुत्रं आडवं आलं की मेंदू विचार करत बसत नाही, जुनं जे आहे तेच करतो. तू डावा हात गच्च दाबशील, ब्रेक म्हणून. लागेल क्लच. इंजिन चाकापासून सुटणार, ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन जे थोडंफार ओढून धरतं तेही जाणार, आणि गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी पळणार, उतार असेल तर विचारूच नको.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. मी पण स्कूटरवरूनच बाईकवर आले, तेहतिसाव्या वर्षी, आणि तिसऱ्या दिवशी कोथरूडमध्ये एका उतारावर पुढची रिक्षा अचानक थांबली. मी डावा हात इतका जोरात आवळला की नंतर तळव्यावर लिव्हरचा वळ दिसत होता, आणि गाडी आपली निवांत चाललीय रिक्षाकडे. शेवटच्या क्षणाला उजव्याची आठवण झाली. रिक्षावाल्याने मागे वळून फक्त एवढंच विचारलं, "काय मॅडम, ब्रेक घरी राहिला का?" घरीच राहिला होता, स्कूटरमध्ये.

म्हणून हा महिना. गाडी घ्यायच्या आधी, कुणाची तरी साधी, पडली तरी चालेल अशी बाईक मिळव आणि रिकाम्या मैदानात रविवारी सकाळी सहाला जा. बाबांची स्प्लेंडर चालेल का, तर क्लच आणि ब्रेक शिकायला चालेल, गिअर शिकायला नको. कारण स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबून पडतात, आणि आर वन फाईव्हला पहिला खाली दाबून आणि पुढचे पाच वर उचलून. पायाला स्प्लेंडरची सवय लागली तर स्पोर्ट बाईकवर वेगात असताना वरचा गिअर टाकायला जाशील आणि खालचा पडेल, इंजिन किंचाळेल आणि मागचं चाक झटका देईल. आर वन फाईव्हला स्लिपर क्लच (असा झटका कमी करणारा क्लच) असतो, तो ते थोडं सांभाळून घेतो, पण त्याच्या भरवशावर शिकायचं नसतं. एखाद्या मैत्रिणीच्या भावाची यामाहा एफझी मिळाली तर उत्तम, तिचा पॅटर्न पहिला खाली बाकी वर असाच आहे.

मैदानात काय करायचं. पहिला दिवस ॲक्सिलरेटरला हातच लावू नको. पहिला गिअर टाक, क्लच हळूहळू सोड, एका ठिकाणी गाडी पुढे ओढायला लागेल, इंजिनाचा आवाज जरा जड होईल, ती जागा बोटांना कळली पाहिजे. त्याला सगळे हाफ क्लच म्हणतात. तिथे धरून ठेव, दहा पावलं गाडी चालू दे, परत दाब, उजव्या पायाने थांबव. असं शंभर वेळा, खरंच शंभर, बोटं दुखेपर्यंत. मग एक वीस-पंचवीसचा वेग घे आणि थांब, पण थांबताना तोंडाने मोठ्याने "उजवा" म्हण आणि उजवा हात उजवा पाय दोन्ही वापर, क्लच अगदी शेवटी, गाडी बंद पडायच्या आधी. लोक बघतील, हसतील, हसू दे. चार रविवार केलंस तर मेंदूतली जुनी तार तुटते. माझी तुटायला सहा लागले, तुझं वय कमी आहे.

पुढच्या ब्रेकबद्दल तुला कुणीतरी सांगितलंच असेल की पुढचा दाबू नको, पलटी होशील. हे सायकलच्या काळापासून चालत आलंय. खरं उलट आहे, ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे येतं, पुढचं चाक जमिनीला घट्ट बसतं आणि थांबवायची खरी ताकद तिथेच असते. फक्त तो आवळायचा नाही, लिंबू पिळतो तसा पिळायचा, आधी हलका मग जोरात. आणि हँडल वळलेलं असताना, वाळूवर किंवा गाडी वाकलेली असताना अचानक दाबायचा नाही. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे म्हणून बिनधास्त, असं तर अजिबातच नाही, वळणात वाकलेल्या गाडीला तो सरळ रस्त्यासारखा वाचवत नाही.

आता ३९०. तुझा ऑफिसमधला मित्र सल्ला देतोय आणि विकतोय पण तोच, एवढं वाक्य वाचूनच मी चहाचा कप खाली ठेवला. तरी माणूस चांगला असेल असं धरू, गाडीपण चांगली आहे, चाकणला बनते, मला स्वतःला आवडते. पण ॲक्टिव्हाची ताकद आठ बीएचपीच्या आतली आणि आरसी ३९० ची त्रेचाळीसच्या आसपास. वजन १७२ किलो, ॲक्टिव्हापेक्षा साठ-पासष्ट किलो जास्त. आणि मुख्य म्हणजे ही गाडी तुझी चूक मोठी करून तुला परत देते. खड्ड्यात हात हलला, उजवी मूठ चुकून थोडी फिरली, तर १५५ ची गाडी जरा पुढे सरकेल, ३९० उडी मारेल, तू मागे जाशील, मागे गेलीस की मूठ अजून फिरेल. शिवाय हिंजवडी फेज तीनचं संध्याकाळचं ट्रॅफिक तुला मी काय सांगणार, तिथे ३९० चा फॅन चालू होतो आणि गरम हवा थेट मांडीवर. दोन लाख देऊन इस्त्री मांडीवर घेऊन बसायचं.

बोअर होशील हा सगळ्यात फसवा मुद्दा. आर वन फाईव्हला व्हीव्हीए म्हणून प्रकार आहे, ७४०० आरपीएमला व्हॉल्व्हची चाल बदलते आणि गाडीचा आवाजच बदलतो, आणि पूर्ण ताकद, अठरा बीएचपीच्या आसपास, येते १०००० ला. मी रोज संध्याकाळी ह्या गाड्या बघते, त्यातली एकसुद्धा कुणी १०००० पर्यंत नेत नाही, सगळे पाच-सहा हजारात दामटतात आणि मग म्हणतात दम नाही. छोटी गाडी पूर्ण पिळून चालवायला जी अक्कल लागते ती आली की मग ३९० घे, अपाचे आरआर ३१० घे, निन्जा घे, मी स्वतः अभिनंदन करायला येईन. दोन वर्षांनी आर वन फाईव्ह विकली तर किंमतही बरी येते, तिला गिऱ्हाईक कायम असतं.

उंचीचं. इथे तू उगाच घाबरलीस आणि शोरूमवाल्याने तुला नीट सांगितलंही नाही. आर वन फाईव्हची सीट ८१५ मिलिमीटर, ॲक्टिव्हाची ७६५ च्या आसपास, म्हणजे फरक पाच सेंटीमीटरचा. पण वजन १४१-१४२ किलोच आहे आणि कंबरेला बारीक आहे, त्यामुळे ८१५ असूनही पेलते. जिक्सर एसएफ २५० ची सीट ८०० आहे, जरा बुटकी, पण ती १६१ किलो आणि २५० सीसी, पल्सर आरएस २०० ची ८१० आणि १६६ किलो. ह्या दोन्ही बसून बघ जरूर, एसएफ २५० वर तुझं मनगट कमी दुखेल, तिचं हँडल एवढं खाली नाही. माझं मत विचारशील तर तुझ्या उंचीला हलकी गाडी जास्त महत्त्वाची, बुटकी नंतर.

आणि दोन्ही पाय टेकायची गरज नसते! हे कुणीतरी मला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. थांबताना ढुंगण सीटवर जरासं डावीकडे सरकव, डावा पाय सपाट टेकतो, उजवा पाय मागच्या ब्रेकवरच राहतो, त्यामुळे चढावर गाडी मागे पण येत नाही. रस्ता डावीकडे उतरता असेल तर थांबायची जागा दोन फूट पुढे-मागे कर, खड्ड्याच्या तोंडावर पाय टाकू नकोस. ही थांबायची जागा आधी बघून ठेवणं म्हणजेच बुटक्या माणसाचं बाईक चालवणं. सीट कापून घे, सस्पेन्शन खाली कर असले सल्ले मिळतील, पहिले सहा महिने काहीही करू नको, गाडीची चाल बिघडते आणि वॉरंटीची कटकट वेगळी.

सगळे विचारतात टॉप स्पीड किती. स्पोर्ट बाईक तुला हरवणार ती ताशी पाच किलोमीटरला, सोसायटीच्या गेटमध्ये. हँडल खाली आणि फेअरिंगला (गाडीच्या बाहेरच्या प्लास्टिकच्या कवचाला) अडेल म्हणून फिरतं पण कमी, त्यामुळे ॲक्टिव्हा ज्या गल्लीत एका झटक्यात वळते तिथे ही तीनदा मागे-पुढे करावी लागते. माझी गाडी आजवर तीनदा पडली आणि तिन्ही वेळा जवळजवळ उभी असताना. एकदा पेट्रोल पंपावर, टाकी फुल्ल, मागे दहा माणसांची रांग, मी यू टर्न मारताना खाली बघितलं आणि पुढचा ब्रेक दाबला. एवढंच केलं. गाडी हळूच, अगदी सावकाश, म्हैस बसते तशी बसली. मला काही झालं नाही, फेअरिंगला ओरखडा आणि दहा जणांसमोर लाज. तर हळू वळताना मान वळव, जिथे जायचंय तिथे बघ, चाकाकडे बघायचं नाही, हाफ क्लच आणि मागचा ब्रेक एवढ्यावरच वळायचं, पुढच्या ब्रेकवरची बोटं काढून घे. पडलीच तर किल स्विच (इंजिन बंद करायचं हँडलवरचं बटण) दाब, उजव्या बाजूला पडली असेल तर उचलायच्या आधी साईड स्टँड बाहेर उघडून ठेव, गाडीकडे पाठ कर, सीटला कंबर लाव, एक हात हँडलला एक मागच्या पकडीला आणि पायांनी मागे मागे चालत जा. पाठीने नाही, मांड्यांनी उचलते गाडी. ५ फूट २ मध्ये सहज होतं, मी ५ फूट १ आहे.

पैशाचं पटकन सांगते. आर वन फाईव्ह ऑनरोड दोन लाखाच्या आसपास धर, थोडी वर जाईल. थर्ड पार्टी इन्शुरन्स नवीन गाडीला पाच वर्षांचा घ्यावाच लागतो, २०१८ पासून नियमच आहे, पण स्वतःच्या नुकसानीचा जो भाग आहे त्यात झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) घे, कंजूषपणा करू नकोस. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या पार्टला ५० टक्के घसारा कापतात आणि स्पोर्ट बाईक म्हणजे बाहेरून सगळं प्लास्टिकच. इन्शुरन्स शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते, बाहेरचं कोटेशन खिशात ठेवून जा. मला एका शोरूमने हँडलिंग चार्जेस म्हणून सही करायच्या दिवशी पाच हजार लावले होते, मी खुर्चीवर बसून राहिले आणि विचारत राहिले की नक्की कुणी काय हँडल केलं, तासाभराने ते गेले.

उरलेले वीस-पंचवीस हजार अंगावर घालायचे. फुल फेस हेल्मेट आयएसआयचं, ईसीई (युरोपचं सुरक्षा मानक) असेल तर अजून छान, गाल दाबले जातील एवढं घट्ट. आणि हो, पुण्यातल्या सगळ्या मुलींसारखा तोंडाला स्कार्फ गुंडाळून त्यावर हेल्मेट घालत असशील तर ते बंद, स्कार्फमुळे हेल्मेट डोक्यावर फिरतं आणि त्याचं टोक सुटून चेनकडे गेलं तर काय होईल ह्याचा विचार नको. पातळ बालाक्लाव्हा (हेल्मेटखाली घालायची डोकं-तोंड झाकणारी टोपी) मिळतो दोनशे-तीनशेला. जॅकेट खांदा-कोपर-पाठीला आर्मर असलेलं, ग्लोव्हज तळव्याला जाड असलेले, कारण पडताना माणूस हात आधी टेकतो. घोट्याच्या वर येणारे बूट. हे सगळं गाडीच्या आधी घे, नंतर घेईन म्हणणाऱ्यांचं नंतर कधी येत नाही, त्यांचे मोठ्या आवाजाचे एग्झॉस्ट (सायलेन्सर) मात्र आलेले असतात.

दिवाळीचं मात्र मी नाही म्हणणार आहे, राग येऊ दे. पुणे-कोल्हापूर सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे, नवीन गाडी, नवीन चालवणारी, खाली वाकून बसायचं. साताऱ्यापर्यंत मनगटं बधिर होतात, कारण नवीन माणूस सगळा भार हातांवर टाकतो, गुडघ्यांनी टाकी आवळून धरायची असते आणि हात पोह्याच्या पिशवीसारखे सैल, पण हे अंगात यायला वेळ लागतो. नवे टायर पहिले शंभरेक किलोमीटर निसरडे असतात, इंजिनसुद्धा पहिले हजार किलोमीटर सांभाळून चालवायचं, एकाच वेगात तासन्‌तास नाही. त्यात खंबाटकीत ट्रक, आणि कराडच्या पुढे तर तुला माहितीच आहे, दिवाळीच्या सुमाराला कारखाने पेटायला लागतात आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर, मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, काळोखात अंधाराचा एक तुकडा हळूहळू पुढे चाललेला. दिवाळीला एसटीने जा. जानेवारीत पहाटे निघून दर पन्नास किलोमीटरला थांबत जा, आणि अंधार पडायच्या आत घरी. त्याआधी दोन रविवार ताम्हिणी नको, सिंहगड तर नकोच, सरळ-साध्या रस्त्याने तळेगावपर्यंत जाऊन ये.

आईला. फोनवर सांगू नकोस. दिवाळीत घरी गेलीस की जॅकेट आणि हेल्मेट घेऊन जा, नुसतं खाटेवर ठेव, ती विचारेलच हे काय. मग तिच्यासमोर बाबांच्या स्प्लेंडरचा हाफ क्लच करून दाखव, अंगणात, पावलापावलाने, थांबायचं आणि सुटायचं. माझ्या आईने दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाली, एवढं हळू चालवायचं होतं तर एवढे पैसे कशाला घातलेस. ती परवानगीच होती. तिला मागे बसवायचा बेत असेल तर तो सोड मात्र, स्पोर्ट बाईकची मागची सीट म्हणजे आपल्याकडचा पोळपाट, त्यावर नऊवारी काय सहावारी काय, कुणीच बसू नये.

मित्राला ३९० नको म्हणून सांगताना कारण देत बसू नकोस, नाहीतर तो तुला टेस्ट राईड देईल.

आणि निळी घे. काळी शोरूममध्येच काळी असते, वाकडच्या रस्त्यावर दुसऱ्या दिवशी ती राखाडी दिसते आणि आठवड्याला दोनदा पुसायला तुला वेळ नाहीये.